घाट चढला की रोमिंग

प्रिय आत्या,

तुला पत्र लिहायला बसलेय, हसू नकोस. तुझ्या नंबरवर मेसेजही टाकता आला असता, कारण बाबा अजून त्याचं रिचार्ज करतात. बहिणीचा नंबर आहे, असू दे, म्हणतात. पण त्या नंबरचं काय चाललंय ते त्यांना ठाऊक नाही. तुझा लाडका भाचा राकेश तुझं सिम स्वतःच्या फोनमध्ये घालून बसलाय आणि नव्या गिऱ्हाइकांना मिळणाऱ्या सवलती लुटतोय. परवा तुझ्या नावाने पिझ्झा आला. दारात उभा असलेला माणूस विचारतो, "शेवंता मॅडम आहेत का?" आई पदर तोंडाला लावून आत पळाली. आधी हसली आणि मग रडली.

म्हणून कागद घेतला. याला निदान ओटीपी लागत नाही.

रविवारी आपली एकवीरेची सहल जाऊन आली. तुझ्याशिवाय पहिलीच. देवीला जाऊन आल्यावर माणसाला बरं वाटायला हवं ना? मला किळस आलीय, आत्या. जेवताना, ऑफिसात काम करताना, अगदी दात घासतानाही ती घशाशी येऊन बसते. घरात सांगितलं तर म्हणतात, शिकलीस म्हणून तुला सगळं टोचतं. मला काय टोचतंय हे तुला शिक्षणाशिवाय कळलं असतं.

तुझी ती बस आठवते. नुसत्या बायकांची. माजिवड्याहून निघायची, मुंब्रा बायपास उतरून शीळफाट्याला यायची, तिथे डोंबिवलीकडच्या बायका डबे सांभाळत उभ्या असायच्या. पोळ्या लाटून पोट भरणारी तू, विधवा, मूल ना बाळ. पण सहलीच्या आधी महिनाभर तू घरोघर जाऊन एकेकीच्या सासूला, नवऱ्याला भेटायचीस, चहा प्यायचीस आणि त्यांच्या तोंडून ‘बरं, जाऊ दे’ काढूनच उठायचीस. शेवंता नेतेय म्हटल्यावर नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आणि अख्ख्या बसमध्ये फोन एकच. तुझा, बटणांचा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोरीने गळ्यात अडकवलेला. तो नंबर प्रत्येकीच्या घरी भिंतीवर लिहिलेला असायचा. खोपोलीला तू बस थांबवायचीस. बायका रांगेने यायच्या आणि घरी एकच निरोप द्यायच्या: घाट चढतोय, आता रोमिंग लागेल, फोन करू नका, उगाच पैसे जातील. तेव्हा घाटापलीकडे आलेला फोन उचलला तरी पैसे कापायचे. घरच्यांनाही ते पटायचं. बायकोची काळजी असायची, पण पैशांची जास्त.

मग गाडी वळणं घ्यायला लागली की तू उभी राहून फोन वर धरायचीस आणि म्हणायचीस, "लागलं गं रोमिंग." बस्स! कोणी चपला काढून पाय समोरच्या सीटवर टाकायची. कोणी गाणं सुरू करायची. कोणी खिडकीला डोकं टेकून जी झोपायची ती थेट कार्ल्याच्या पायथ्याशी उठायची. मी तेव्हा लहान होते. मला वाटायचं रोमिंग हे घाटावरचं एखादं गाव असणार, आणि तिथे पोचलं की बायका हसायला लागतात.

तरीही फोन यायचाच एखाद्या घरून. तू उचलायचीस आणि सांगायचीस, ती दर्शनाच्या लायनीत आहे. ती तर समोर बसून दुसरा वडापाव खात असायची! दहावीत असताना मी तुला विचारलं होतं की देवीच्या दारात खोटं कसं बोलवतं तुला. तू म्हणालीस, "लाईन लांब असते गं." एवढंच. मला तेव्हा तुझा राग आला होता.

पुढे रोमिंगचे पैसे जाणं बंद झालं. मीच तुला ती बातमी वाचून दाखवली, आठवतं? आता कुठूनही कितीही बोला. मला वाटलं तू खूश होशील. तू नुसतं "अस्सं" म्हणालीस आणि परातीतलं पीठ मळत राहिलीस. आता काय करायचं बायकांनी, असं काहीतरी पुटपुटलीस. मोठ्याने का नाही बोललीस गं? तुला तेव्हाच दिसलं होतं ना सगळं? तुझ्यावर रागवायचं म्हटलं तर एवढ्या एकाच गोष्टीसाठी रागवेन.

मी फोनच्या विरोधात नाही, हे तुला माहीत आहे. घरातली पहिली पदवी मी निम्मी फोनवर वाचून मिळवली. नकाशा हातात होता म्हणून अनोळखी शहरात एकटी मुलाखतीला जाऊन आले, रिक्षावाला भलत्या रस्त्याने न्यायला लागला तेव्हा त्याला अडवू शकले. प्रवासाला निघालेल्या बाईच्या हातात याहून मोठं बळ कुठलं, असं मी मनापासून मानत होते. अजूनही मानते. म्हणूनच जास्त टोचतं.

या किळसेची सुरुवात तू गेलीस त्याच दिवशी झाली. तुला नेसवून, कुंकू न लावता नुसती फुलं ठेवून निजवलं होतं. चंदूकाकांनी फोन तुझ्या चेहऱ्यावर धरला. पलीकडे मस्कतला त्यांचा मुलगा. दिसतेय का, जवळ घेऊ का, असं विचारत काकांनी फोन इतका खाली नेला की तुझ्या नाकाला लागला. मग तो फोन आमच्या सगळ्यांच्या रडक्या तोंडांवरून फिरला. माझ्या शेजारच्या बाईने डोळे पुसता पुसता केसांवरून हात फिरवला. आत्या, मी तो फोन हिसकावून का घेतला नाही?

रविवारी बस निघाली तेव्हा तुझा हार घातलेला फोटो पुढच्या काचेशी ठेवला होता. खारेगाव येईपर्यंत शिल्पा त्याच्या शेजारी जाऊन बसली. शिल्पा म्हणजे आपल्या गल्लीतली ब्युटीपार्लरवाली, तुझ्या हातच्या पोळ्यांवर वाढलेली. तिने तोंड रडवेलं केलं, फोन लांब धरला, तुझ्या फोटोला नमस्कार केला. मग बघून म्हणाली, पुन्हा घेऊ, उजेड मागून येतोय. पुन्हा तोंड रडवेलं केलं. पुन्हा नमस्कार. शेवटी त्या व्हिडिओखाली कुठलंसं गाणं लावून तो सगळीकडे टाकला. शीळफाटा यायच्या आत तुला पन्नासेक लोकांनी हृदयं पाठवली होती. त्यातल्या कितीजणांनी तुला पाहिलं होतं?

शीळफाट्याला हिराकाकी आणि तिची सून वैजूवहिनी चढल्या. हिराकाकी तुझ्या बसमधली सगळ्यात जुनी, डोंबिवलीजवळच्या मानपाड्याकडची. तिला तू चांगली ओळखतेस. वैजूवहिनी दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, तिची ही दुसरीच सहल. खिडकीशी बसली आणि लगेच फोन मांडीवर ठेवला, तान्हं मूल ठेवावं तसा.

खोपोलीला या वेळी कोणी बस थांबवली नाही. कशाला थांबवायची? निरोप द्यायचा राहिलाच कुठे! घाट चढताना मी वळून पाहिलं तर एकही मान खिडकीकडे नव्हती. एकीच्या घरी गॅसचा सिलिंडर आला होता आणि त्याचा ओटीपी तिच्या फोनवर, म्हणून नवरा ओरडत होता. एकीचा मुलगा विचारत होता टॉवेल कुठे आहे. दुसरी कोणी घरच्या देव्हाऱ्यातल्या दिव्याची वात कशी सारायची ते कॅमेऱ्यातून दाखवत होती. सगळ्या घाटात होत्या आणि सगळ्या आपापल्या स्वयंपाकघरातच होत्या.

तेवढ्यात वैजूवहिनीचा फोन वाजला. नवरा, नरेश. समोर चेहरा. त्याने बायकोला कशी आहेस विचारलं नाही. म्हणाला, "फिरव." तिने फोन हळूच फिरवला. शेजारी कोण. मागे कोण. पुढे ड्रायव्हर. भाजीवालीने टोपली सगळीकडून दाखवावी तसं सगळं दाखवलं. तिला ते इतकं सवयीचं होतं की तिचा चेहरासुद्धा हलला नाही. आणि मागच्या बायकांनी काय केलं सांगू? कॅमेरा आपल्यावर आला तशा पदर सारखे करून ‘काय भावोजी’ म्हणून हसल्या!

मला ते बघवेना. मी उठले, तुझी ती फुलांच्या कापडाची पिशवी काढली आणि म्हटलं, आत्याच्या वेळी बसमध्ये एक फोन असायचा, आजही एकच असेल, माझा. बाकीचे यात टाका. गलका झाला. शिल्पा म्हणाली, "ए बाई, तू कॉलेजात गेलीस म्हणजे आमची प्रिन्सिपल झालीस का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पिशवी धरून उभी राहिले. पहिला फोन हिराकाकीने टाकला. चप्पल काढावी इतक्या सहज. मग एकेक करत सगळ्यांनी टाकले. शिल्पाने टाकण्याआधी पिशवीचाही एक फोटो काढला.

वैजूवहिनी शेवटची. मी म्हटलं, नको असेल तर राहू दे. तिने सांगितलं की ती कुठे आहे ते नरेशला त्याच्या फोनवर सतत दिसत असतं, नकाशावर ठिपका. फोन बंद केला तर तो चिडतो. "चालूच टाकते," ती म्हणाली. "ठिपका दिसत राहिला की झालं." आम्हाला दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

कार्ल्याच्या पायथ्याशी आल्यावर ड्रायव्हर अशोकदादा म्हणाला, मागचं चाक बसलंय, तुम्ही वर जा, मी हायवेला जाऊन पंक्चर काढून आणतो. आम्ही ओटी आणि नारळ घेऊन उतरलो. फोनची पिशवी सीटखाली राहिली.

पुढचं दीड-दोन तासांचं तुला सांगायला मला आवडेल. पायऱ्या चढताना धाप लागली म्हणून बायका थांबल्या, आणि थांबल्यावर हातात काही नव्हतं म्हणून एकमेकींशी बोलल्या. शिल्पाने एका म्हातारीचे पाय दाबून दिले. दर्शन झाल्यावर कठड्यावर बसून काकडी खाताना वैजूवहिनीने तिच्या माहेरच्या तलाठ्याची नक्कल केली. ती नक्कल करते, हे हिराकाकीलाही ठाऊक नव्हतं! काकी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली. म्हणाली, "जल्लं माजं, ही पोर माज्या घरात राहाते होय?"

तेव्हा माझा फोन वाजला. नरेश.

त्याने विचारलं वैजू कुठे आहे. मी म्हटलं इथेच, माझ्यासमोर. तो म्हणाला, खोटं बोलू नको, ती हायवेवरच्या लॉजबाहेर आहे, केव्हापासून तिथेच आहे, मला दिसतंय. क्षणभर मला काही उमगलं नाही. मग लक्षात आलं आणि मी हसलेच. त्याला समजावलं की फोन पिशवीत आहेत, पिशवी बसमध्ये, बस पंक्चरवाल्याकडे, आणि पंक्चरवाला लॉजच्या शेजारी असेल. तो हसला नाही.

"कॅमेरा लाव," तो म्हणाला. "मला ती दिसली पाहिजे."

एक बटण दाबायचं होतं, आत्या. माझं बोट तिथे गेलंही होतं. वैजूवहिनी माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. तिच्या हातात काकडीची फोड तशीच राहिली होती.

"नको लावूस," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "मी इथे आहे असं तू सांगितलंस ना? मग झालं."

मी नरेशला सांगितलं की वहिनी इथे आहेत, हे मी सांगतेय आणि ते पुरेसं आहे, कॅमेरा लावणार नाही. तो म्हणाला, तुझ्या शब्दाला कोण विचारतं. मी फोन ठेवला. तो पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. मी बंद केला.

बस परत आली, पिशवी उघडली, तर आतले सगळे फोन थरथरत होते. नरेशने नकाशाचा फोटो काढून त्यांच्या गावाच्या ग्रुपवर टाकला होता. ठिपका, शेजारी लॉजचं नाव, आणि खाली लिहिलेलं: बायका देवीला गेल्यात की कुठे? त्याखाली गावातल्या पुरुषांची हसरी तोंडं, ओळीने. शिल्पाचा नवराही मूळचा त्याच गावचा, त्याच ग्रुपात. त्यानेही एक टाकलं होतं. ज्या बसमध्ये त्याची बायको होती, त्या बसवर! शिल्पा ते बराच वेळ बघत राहिली. मग फोन पालथा ठेवला आणि शीळफाट्यापर्यंत उचलला नाही.

हीच ती किळस. मोठं वाईट कोणी केलं नाही, नुसती बोटं हलवली. एकालाही वाटलं नाही की फोन करून विचारावं, काय गं, बरी आहेस ना, गाडी बंद पडली का?

शीळफाट्याला नरेश स्कूटर घेऊन उभा होता. आणखी दोघंतिघं होते, तमाशा बघायला आलेले. वैजूवहिनी उतरायच्या आधी हिराकाकी उतरली, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"माजा फोन पन त्याच पिशवीत होता," ती त्याला म्हणाली. "माजा ठिपका बगलास का?"

नरेश म्हणाला, आई, तू मध्ये पडू नकोस.

"मध्ये नाय, मी बी त्या लॉजवरच होते ना दिसत? आईस लॉजवर गेलेली चालते तुला? की माजा ठिपका कुटं हाय तेच कदी बगलं नाय?"

उभ्या असलेल्यांपैकी एकजण फिसकन हसला. नरेशने त्याच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बायकोला फक्त "घरी चल" म्हणाला. काकीने सुनेचा हात धरला आणि तिला रिक्षात घातलं, स्वतः शेजारी बसली. स्कूटर रिकामी मागून गेली.

मला वाटलं होतं इथे संपेल. त्याच दिवशी वैजूवहिनी सहलीच्या ग्रुपमधून बाहेर पडल्याचं दिसलं. तिने सोडला नाही हे उघड होतं. फोनही लागेना. आई म्हणाली, एका मिनिटाचं काम होतं, दाखवायचं होतंस, त्या पोरीच्या घरात वाद झाला नसता. बाबासुद्धा तेच म्हणाले. मी रोज स्वतःला विचारतेय. एका मिनिटाचंच होतं का गं ते काम? मी कॅमेरा लावला असता तर पुढच्या वेळी माझ्या शब्दाची किंमत काय राहिली असती? आणि तिच्या?

तू त्याला लाईन लांब आहे म्हणून सांगितलं असतंस. तुझ्या त्या खोट्यावर आता मला राग नाही. पण तेही आज चाललं नसतं. तेव्हा तुझा आवाज ऐकून लोक गप्प बसायचे. आता आवाजाच्या आधी ठिपका बोलतो, आणि माणूस समोर उभं राहून सांगतंय तरी ठिपक्याचंच खरं मानतात. एवढा पुढे गेलेला फोन, त्याला नेमकं एवढंच कळत नाही की बाई कुठे आहे आणि पिशवी कुठे!

काल हिराकाकी आली. मानपाड्याहून ठाण्याला दोन बस बदलून, न कळवता. आईने चहा टाकला. काकीने आधी तुझ्या फोटोला हात लावला, मग मला जवळ बसवलं. म्हणाली, पुढच्या सहलीत दोन नावं लिही, माझं आणि वैजूचं. मी विचारलं, नरेश काय म्हणतो.

"तो नाय म्हनतो," काकी म्हणाली. "रोज म्हनतो. ती पन रोज म्हनते, जानार. बगू कोन दमतो."

ती गेल्यावर मी फोन न करता चालत शिल्पाच्या पार्लरमध्ये गेले, मग बाकीच्या बायकांकडे. एकेकीच्या दारात उभी राहून विचारलं, पुढच्या वर्षी वैजूवहिनीला न्यायला येणार का. नाही कोणीच म्हणालं नाही. शिल्पा म्हणाली, मी पण येते, आणि व्हिडिओ काढणार नाही. मग म्हणाली, नवऱ्याला मात्र सांगणार आहे, मी का जातेय ते.

तर आत्या, हा माझा शब्द. पुढच्या वर्षी बस शीळफाट्याला कोणासाठी थांबणार नाही. ती आधी मानपाड्याला जाईल, वैजूवहिनीच्या बिल्डिंगखाली. आम्ही सगळ्या उतरू, तिच्या जिन्याने वर जाऊ आणि दाराशी उभं राहून तिला बोलवू, तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ती आली तर गाडीचं तोंड घाटाकडे. नाही येऊ दिलं, तर गाडी हलणार नाही. आम्ही तिच्या जिन्यातच पायऱ्यापायऱ्यांवर बसू, डबे सोडू, गाणी म्हणू, आणि त्या वर्षीची सहल तिथेच होईल. एकवीराआई समजून घेईल.

तुझी भाची,
स्नेहल